फळीवरचे खळगे

खुशबू रंगारी नागपूरहून इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा घेऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला परतली, तेव्हा शेजारच्या सुशिलाबाईने तिला तोंडावरच विचारलं, "पडदे लावाचंबी शिकावं लागते काय वो?"

खुशबू हसली. तिला राग येत नसे असं नाही, चांगला नाकाच्या शेंड्यावर असे. पण तोंडाने उत्तर देण्यापेक्षा कामाने द्यावं असं तिने मनाशी धरलं होतं, आणि कामच तेवढं मिळत नव्हतं. गोंदियात हॉटेल काढणाऱ्याला चकचकीत ग्रॅनाइट, छताला पीओपीची फुलं आणि भिंतीवर धबधब्याचं पोस्टर एवढंच हवं असायचं. त्याला डिझायनर कशाला लागतो? दुकानदार पुरतो.

२००९ साली धनेंद्र बिसेनने तिला बोलावलं. बालाघाट रोडवरची त्याच्या वडिलांची राइस मिल बंद पडली होती, मोठी यंत्रं विकून झाली होती आणि रिकाम्या इमारतीत त्याला हॉटेल काढायचं होतं. ही मिल खुशबूने जन्मभर बाहेरूनच पाहिली होती. तिचा बाप, यादोराव, वीस वर्षं तिथे हमाल होता. लहानपणी ती त्याचा डबा घेऊन जायची, पण फाटकापर्यंतच. आता त्याच फाटकातून ती छाती काढून आत गेली.

"हा कचरा उद्या भंगारवाला नेऊन राहिला," धनेंद्र म्हणाला. "मग तू सुरू कर."

खुशबूने चारी बाजूंना पाहिलं. गंजलेल्या चाळण्या, मशीनचे रुंद पट्टे, बारदान्याची थप्पी. "भंगारवाल्याले बलावू नका भैया," ती म्हणाली. "तुमचं हॉटेल याच्यातच आहे."

धनेंद्रला वाटलं, पोरगी खुळी आहे. पण खर्च वाचतो म्हटल्यावर खुळेपणही चालतं. चाळण्यांचे दिवे झाले आणि भिंतींवर उजेडाचे बारीक ठिपके पडले. पट्टे कापून त्यांच्या खुर्च्या विणल्या गेल्या. धुतलेल्या बारदान्याचे पडदे झाले, आणि सुशिलाबाई म्हणाली होती तसे ते खुशबूने स्वतःच्या हातांनी लावले.

आणि मग गोदामाच्या मागे तिला फळ्या सापडल्या. बिज्याच्या लाकडाच्या, लांब, जाड. पोती ट्रकात चढवायला ट्रकाच्या कडेला टेकवत, त्या. पाठीवर पोतं घेतलेल्या माणसांच्या पावलांनी त्यांना जागोजागी खळगे पडले होते, आत गुळगुळीत, तळहात मावेल एवढे. खुशबू तिथेच खाली बसली.  हॉटेलच्या मध्यभागी या फळ्यांचा एक लांब टेबल होणार, हे त्याच क्षणी ठरलं. बापाला तिने यातलं काही सांगितलं नाही. उद्घाटनाला त्याला याच टेबलावर बसवायचं, असं तिच्या मनात होतं. यादोराव गुडघ्याने अधू झाल्यापासून मिलकडे फिरकला नव्हता.

टेबल उभा झाला. सुतार रूपलालने मेण चोळून असा चमकवला की बघत राहावं. धनेंद्रने हौसेने त्यावर पहिलं जेवण लावलं, आणि तिथेच घोटाळा झाला. स्टीलची थाळी खळग्याच्या काठावर डुलू लागली. त्याने भात कालवायला हात घातला आणि गरम वरण थेट त्याच्या मांडीवर.

"बस!" तो उठून ओरडला. "गिऱ्हाईक जेवाले येईल का झुला झुलाले? आन हमालांच्या पायाखालची फळी, लोकं काय म्हणतील? रूपलाल, उद्या जयंतीची सुट्टी. परवा येऊन रंधा मार. एकदम सपाट पायजे."

खुशबू भांडली. पण डुलणाऱ्या थाळीपुढे तिचं काही चालेना. थाळी डुलत होती हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. मुर्रीच्या विहारासमोर निळे झेंडे, डीजे आणि संध्याकाळी पंगत. खुशबू वरणाची बादली घेऊन वाढत होती, पण डोळ्यांसमोर रंधाच फिरत होता. पंगतीत नेहमीची रड चालू होती: द्रोण कलंडतो, वरण पत्रावळीभर पसरतं. कुणी द्रोणाला खडा लावत होतं, कुणी पत्रावळीची घडी. ती बापापुढे आली, तशी तिची बादली हातातच थांबली.

यादोरावने बसता बसताच मऊ मातीत टाच दाबून एक खळगा केला होता. द्रोण त्यात आरामात बसला होता.

"काऊन थांबली वो? वाढ ना," तो म्हणाला.

खुशबूने द्रोण काठोकाठ भरला आणि बादली दुसऱ्याच्या हातात देऊन ती घराकडे पळत सुटली. लोकांना वाटलं, पोरीला काही चावलं.

सकाळी ती मिलमध्ये पोचली तेव्हा रूपलालने रंधा टेबलावर ठेवलेलाच होता. "हात लावू नको भाऊ!" तिने दारातूनच आवाज दिला. तिच्याजवळ जयंतीतले उरलेले द्रोण आणि पत्रावळी होत्या. एकेका खळग्यात तिने एकेक द्रोण ठेवला, पाण्याने काठोकाठ भरला आणि धनेंद्रला म्हणाली, "हलवा टेबल."

धनेंद्रने हलवला. मग दोन्ही हातांनी हलवला. टेबल कुरकुरला, पण एकही द्रोण कलंडला नाही.

"बाजूले पत्रावळ," खुशबू म्हणाली. "पत्रावळ डुलत नाही भैया. दरेकशा गावच्या बाया पानं टाचून पाहिजे तेवढ्या लावून देतील."

धनेंद्रने एका द्रोणाला बोटाने ढकलून पाहिलं. "आन कोणी विचारलं, हे खड्डे कायचे, तर मी काय सांगू?"

"खरं सांगाचं. तुमी नागपूरले कॉलेजात गेले ना? याच फळीवरून गेले."

रूपलालने न सांगता रंधा पिशवीत टाकला.

उद्घाटनाला यादोराव पांढरा सदरा घालून आला आणि जुन्या सवयीने मागच्या दाराकडे वळला. खुशबूने त्याचा दंड धरून त्याला पुढच्या दारातून आत नेलं. टेबल पाहून तो थबकला. त्याने एका खळग्यावर तळवा ठेवला, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या, आणि टेबलाच्या टोकाशी जाऊन खुर्चीवर बसला.  मिल चालू असताना ज्याच्या घरातून फक्त "ए यादो" अशी हाक यायची, तो धनेंद्र स्वतः वरण घेऊन आला. "यादोरावभाऊ, वाढू का?"

"वाढ," यादोराव म्हणाला.

शेजारी बसलेला रायपूरचा एक व्यापारी केव्हाचा टेबलावरून बोटं फिरवत होता. "क्या कारीगरी है! किसने तराशा है ये?"

धनेंद्रने खुशबूकडे बोट केलं. खुशबूने बापाकडे केलं. यादोरावने लेकीकडे एकदा पाहिलं, ताठ बसला आणि म्हणाला, "आमी हमालांनी. वीस वर्षं लागले. जेवा साहेब, वरण थंडं होऊन राहिलं."