एकट्या पिंजऱ्याचा सल्ला

विज्ञान खोटं बोलत नाही — हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून म्हटलंय की आता ते माझंच वाटतं. वाक्य बरोबर आहे. खोटं विज्ञान बोललं नव्हतं, मी बोललो होतो. माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तेव्हा ऐकणारे तुम्ही पहिलेच.

ऐंशीच्या दशकात मी नागपुरात एका प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. काम — उंदरांना दारू पाजणं. कागदोपत्री हा व्यसनाचा, मेंदूचा आणि वर्तनाचा अभ्यास. माझ्या गावी, सौंसरला, मला सरळ ‘उंदरायचा डॉक्टर’ म्हणत. गावाची व्याख्या जास्त नेमकी होती. पिंजऱ्याला दोन बाटल्या टांगायच्या, एकीत पाणी, दुसरीत पाणी घातलेली दारू, आणि उंदीर कुठं तोंड लावतो ते पाहायचं. आमच्याकडे पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं — एकटा कोंडलेला उंदीर दारूकडे वळायचा, चौघांत राहणारा बहुधा पाण्यावर भागवायचा.

हे मी पुढं विसरलो — छे, हेही खोटं. मला चांगलं आठवत होतं.

माझा थोरला भाऊ, दादा, सौंसरला कापडाचं दुकान चालवायचा आणि प्यायचा. दुपारपासूनच. भांडखोर नव्हता, प्यायला की मोठमोठ्यानं विनोद करायचा, एवढाच उपद्रव. एका वर्षी पावसाळा सरताना पांढुर्ण्याच्या काही प्रतिष्ठितांनी माझा सत्कार ठरवला. फलकावर मी ‘व्यसनमुक्तीचे महर्षी’. आयोजकांपैकी एकाच्या मेव्हण्याचं देशी दारूचं दुकान होतं, ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. मला खटकत होता पहिल्या रांगेत येऊन बसणारा माझा भाऊ.

नेमकं तेव्हाच वहिनीनं विचारलं, “भाऊजी, तुम्ही तं दारूचेच डॉक्टर. हे दिवसभर पिऊन राह्यले. यायचं काय करू, सांगा ना.”

काय सांगायला हवं होतं? पंगतीत बसवा, दुकानात बसवा, माणसांत ठेवा. मी सांगितलं — बोरगावच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यातल्या झोपडीत ठेवा, एकटं. डबा पाठवा, पण बोलू कुणी नका. शास्त्रीय आवाजात सांगितलं. तो आवाज मला छान जमतो.

दादा पायरीवर बसून ऐकत होता. “काय बापू, तुह्या उंदरायले दारूसंग चिवडा भेटते का?” मी हसलो नाही. मग त्यानं हळूच विचारलं, “एकटा ठेवला तं सोडते का रे उंदीर?”

“सोडतो,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, चादर खांद्यावर टाकली आणि निघाला. धाकटा शिकलेला — म्हणतो तर असेलच.

सत्कार थाटात झाला. शाल, श्रीफळ, आणि माझ्या त्यागाचं न संपणारं वर्णन. कसला त्याग? दारू उंदीर पीत होते!

दिवाळीत वहिनीनं विचारलं, आता आणू का घरी? मी म्हणालो, अजून थोडे दिवस. सल्ला बदलला असता तर तो चुकला होता असं झालं असतं ना? थंडी सरताना संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे फुलोरा, आला, तेव्हा दादा त्या झोपडीतच गेला. दारू आणून देणारा त्याला तिथंही मिळत होता. बोलणारा कुणी नव्हता. डॉक्टरांनीच मनाई केली होती.

तेराव्याला लोक म्हणत होते, डॉक्टरांनी भावासाठी खूप केलं. अजून चीड येते. जामसांवलीच्या मारुतीसमोर शपथ घेऊन, मग बायकापोरांत राहून दारू सुटलेली माणसं त्याच पंगतीत जेवत होती — आणि तीही माना डोलावत होती! मग याला एकटं का ठेवलं, असं एकालाही विचारावंसं वाटू नये? शिकलेल्या माणसाचा एवढा मान कशाला ठेवायचा? पण त्यांच्यावर किती चिडू? तो मान वाढलेला होता तसा मी मुकाट्यानं जेवलो. वर बुंदी मागून घेतली.

वहिनीला मी आजवर काही सांगितलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात प्रयोगशाळेत आम्ही एकट्या उंदरांना इतरांबरोबर ठेवायला लागलो. पिंजरे कमी पडत होते.