चार दिवसांत उतरणारी बॅटरी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा कागद फाडले, एक तर बॅटरीवाल्याची गोष्ट वाचणार कोण, आणि दुसरं म्हणजे गोष्ट रत्नाबाईची, ती मी कोण सांगणारी? शेवटी तिलाच जाऊन विचारलं. ती म्हणाली, लिही, पण मला शहाणी करून लिहू नकोस. सरी, म्हणजे बरं. तसंच लिहिते.

कॉटनपेटेतल्या आमच्या बोळात रत्नाबाई आणि तिचा नवरा रघुजी राहतात. घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे घरातली मराठी अर्धी कानडी झालेली, आणि रघुजीला सगळं गाव अण्णाच म्हणतं. पुढच्या खोलीत त्याचं दुकान. मोटरसायकलींच्या मेलेल्या बॅटऱ्या उघडायच्या, आतल्या कुजक्या प्लेटा काढायच्या, कोळशाच्या शेगडीवर शिसं वितळवून नव्या ओतायच्या, नवं अ‍ॅसिड भरायचं आणि वरून डांबरानं तोंड बंद करायचं. खोलीला खिडकी नाही. शिशाचा धूर आढ्याला लागून तिथंच बसायचा. पोटात कळ आली की अण्णा गुळाचा खडा तोंडात टाकायचा, गुळानं शिसं उतरतं म्हणून.

अ‍ॅसिडात मिसळायचं पाणी मात्र रत्नाबाईकडे. ते नळाचं चालत नाही, औषधांच्या दुकानातून आणलेलं, वाफ थंड करून काढलेलं पाणी लागतं. ते आत स्वयंपाकघरात काचेच्या मोठ्या बरणीत असायचं आणि रोज सकाळी ती त्यातलं काचेच्या चंबूत भरून त्याच्यापुढे ठेवायची. अण्णा तिला सांगायचा, हे कावेरीपेक्षा शुद्ध गं, यात काहीसुद्धा नाही.

एकसष्ट सालच्या खंडेनवमीला दुकान धुताना तिच्या हातून बरणीला तडा गेला. हत्यारांच्या पूजेचा दिवस, आणि काच फुटली! ती घाबरली. अपशकुन झाला म्हणून अण्णाला बोललीच नाही. आईनं दिलेली तांब्याची घागर तिनं चिंच लावून लख्ख घासली आणि पाणी तिच्यात ओतलं. एवढं शुद्ध पाणी ठेवायला तांब्यासारखं दुसरं काय? आपण देवाचं पाणी तांब्यातच ठेवतो की नाही?

दिवाळीनंतर उमाकांत आला. हा पुण्याकडचा, सरकारी कारखान्यात इंजिनियर. लष्कराच्या लिलावातली जुनी मोटरसायकल त्यानं हौसेनं घेतलेली. अण्णानं बॅटरी भरून दिली आणि चार दिवसांनी उमाकांत गाडी ढकलत परत.

"अण्णा, ही गाडी मी चालवत नाही, फिरायला नेतो. कारखान्यात मला हमाल म्हणायला लागलेत."

दोघं तिथंच जमिनीवर बसले. चालत्या गाडीत बॅटरी भरणारा डायनामो उघडला, त्याचे ब्रश धड होते. मग डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा कटआउट, कारण तो चिकटून राहिला तर उभ्या गाडीत बॅटरी उलटी डायनामोतूनच रिकामी होते, पण तोही नीट लागत होता, सुटत होता. वायरी एकेक करून पाहिल्या, कुठं सोललेली नाही. शेवटी उमाकांत म्हणाला, बॅटरी भरा आणि गाडीला न जोडता नुसती फळीवर ठेवा. ठेवली. पाचव्या दिवशी अण्णानं वायरीची दोन टोकं एकमेकांना लावली, तर ठिणगी काजव्याएवढी.

म्हणजे गाडी निर्दोष. दोष बॅटरीत. म्हणजे अण्णात.

मग इतरही बॅटऱ्या परत यायला लागल्या. गिऱ्हाइकं गेली, उमाकांत तेवढा राहिला. अण्णा रात्रंदिवस त्या एकाच बॅटरीच्या मागे लागला. उघडायची, शिसं वितळवायचं, प्लेटा ओतायच्या, भरायची, चार दिवस थांबायचं, परत उघडायची. हिरड्यांच्या कडेनं निळी रेघ उठली. आणि एका सकाळी कॉफीचा लोटा हातातून सुटला. मनगट खाली लोंबलं, ते वर उचलेना.

रत्नाबाई त्याला ओढूनच इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी हिरड्या बघून लगेच सांगितलं, अंगात शिसं भिनलंय, आज काम थांबवलंत तर हात परत येतील, नाहीतर माझ्या हातात काही नाही. घरी येताना ती सारखी विनवत होती. दुकान बंद करू, मी चार घरी स्वयंपाक करीन, पण पुरे आता.

"ही एक बॅटरी उभी राहू दे," अण्णा म्हणाला. "मग शेगडी विझवतो. हात बिघडले म्हणून काम बिघडलं, असं ऐकून मी घरी बसणार नाही."

त्याला कशाकशाचा संशय आला! शिशाचा, अ‍ॅसिडाचा, डांबराचा, कोळशाचा, स्वतःच्या बोटांचा तर सगळ्यात जास्त. पाण्याचा आला नाही, कारण पाणी तिच्या हातचं होतं. आणि ती रोज सकाळी घागरीतून चंबू भरून त्याच्यापुढे ठेवत राहिली, त्याचा हात वाचू दे म्हणून देवाला हात जोडत.

असे तीन महिने गेले. आता डावाही ढिला पडत चालला होता, तरी त्यानंच तो उजवा उचलून धरायचा आणि ओतायचा.

मार्चमध्ये एके दिवशी घागर रिकामी होती. उमाकांत समोरच होता, त्यानं कारखान्याच्या प्रयोगशाळेतून काचेच्या बाटलीत पाणी आणून दिलं. ती बॅटरी पाच दिवस टिकली. आठ दिवस टिकली. दहाव्या दिवशी ठिणगी अशी उडाली की अण्णा दचकला. उमाकांत डोकं खाजवत राहिला. प्लेटा त्याच, अ‍ॅसिड तेच, डबा तोच, बदललं काय तर पाणी. तो म्हणाला, रघुअण्णा, पाण्यात धातूचा अंश गेला तर बॅटरी आतल्या आत उतरते हो, तुम्ही पाणी ठेवता कशात?

अण्णा म्हणाला, काचेत.

रत्नाबाई दाराआड उभी होती. ती आत गेली आणि घागर उजेडात तिरकी केली. तळाशी, चिंचेनं घासलेल्या जागी, हिरवट डाग होते. उमाकांत गेल्यावर घागर उचलून तिनं अण्णापुढे ठेवली आणि खंडेनवमीपासूनचं सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

अण्णानं घागरीत पाहिलं.

"म्हणजे माझं काम बरोबर होतं," तो म्हणाला.

"अहो, तुमचे हात..."

"काम बरोबर होतं गं. उमाकांतला तुझं नाव सांगू नकोस. पाणी वाईट होतं एवढंच सांग."

त्यानं शेगडी त्याच दिवशी विझवली, शब्द पाळला. पण हात परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आला असतात तर. तेव्हाच तो आला होता, हे डॉक्टर विसरले असावेत. रत्नाबाई विसरली नाही. तो रागावेल म्हणून ती कितीतरी दिवस वाट बघत होती. एकदा ओरडला असता, घागर भिरकावून दिली असती तरी चाललं असतं, असं ती म्हणते. तो एकदाही रागावला नाही. ती घास भरवते, तो निमूट तोंड उघडतो.

याला आता दोन वर्षं झाली. अण्णाकडे माणसं येतात, उमाकांत तर दर रविवारी. ओट्यावर गप्पा होतात, तो हसतोसुद्धा, पाणी वाईट निघालं म्हणून सांगतो. रत्नाबाई कॉफी ठेवते आणि आत जाते. माझ्याखेरीज आत कुणीच जात नाही. या उन्हाळ्यात ती अर्धी झालीय, ताटात वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते, मी पाहिलंय. तुम्ही कॉटनपेटेत जाल तर ओट्यावर थांबू नका. दार बुटकं आहे, स्वल्प वाकून सरळ स्वयंपाकघरात जा, तिच्यापाशी बसा, तिला जेवायला लावा. बॅटरीचं काही बोलला नाहीत तरी चालेल. पण जा, आणि या आठवड्यातच जा.