चोवीस फायली, एकच मेंढी

नऊ लाख बारा हजार चारशे सहा. जुन्या आणि नव्या सर्व्हरवर तोच आकडा आला, तसे गायकवाड सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "झालं की मग. उडव जुन्यावरचं."

मी उडवलं नाही. आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला की मला शंका येते.

आमचं ऑफिस जुळे सोलापुरात आहे. काम मेंढ्या-शेळ्यांच्या विम्याचं. विमा दुसऱ्या कंपनीचा, आम्ही फक्त सर्व्हे करतो. जनावरांचे डॉक्टर आधी मेंढीच्या कानात नंबराचा बिल्ला मारून जातात. नंतर आमची सर्व्हे करणारी माणसं कळपावर जातात, बिल्ला दिसेल असा प्रत्येक मेंढीचा फोटो काढतात आणि मोबाइलवरच्या ॲपमधून पाठवतात. पुढं मेंढी मेली तर कंपनी हा फोटो उघडून बघते. सिस्टिम सांभाळायचं काम माझं. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. आबा अजून मंगळवेढ्याकडं मेंढरं राखतात. दोन्ही गोष्टी मी कुणी विचारायच्या आधीच सांगतो.

ॲप बनवणाऱ्यानं सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकायची व्यवस्था केली होती. वर्षानुवर्षं ते तिथंच साठत गेले. जुना सर्व्हर आता कुरकुरायला लागला होता, म्हणून सगळं नव्यावर हलवायचं ठरलं. सोमवारी विमा कंपनीची माणसं नव्या सर्व्हरवरून तपासणी करणार होती.

सरांनी आधी स्वतः प्रयत्न केला. माउसनं सगळं सिलेक्ट, कट, पेस्ट. सकाळी लावलं ते संध्याकाळपर्यंत खिडकी पांढरीफट्ट होऊन बसली. मग मला बोलावलं.

मी काळ्या स्क्रीनवर काम करतो. तिथं चित्रं नसतात, कमांड टाइप करायची. फायली हलवायची कमांड म्हणजे एमव्ही. तिच्यापुढं तारा काढला की 'सगळ्या' असा अर्थ होतो. तशी कमांड दिली तर मशीननं उत्तर दिलं, आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग. यात फायलींचा दोष नसतो. मशीन त्या ताऱ्याच्या जागी नऊ लाख नावं लिहितं आणि सगळी एकदम कमांडच्या हातात द्यायला जातं. अख्खा कळप कवाडातून एका वेळी काढायला गेल्यासारखं. त्यासाठी फाइंड नावाची कमांड आहे. ती नावं एकेक करून देते आणि तिच्या मागची दुसरी त्यांचे हजार-हजारचे घोळके करून पुढं हाकते.

मी तरीही हलवल्या नाहीत, कॉपी केल्या. आधी कॉपी, मग मोजणी, मग चेकसम, सगळ्यात शेवटी जुन्यावरच्या उडवायच्या. सर याला माझा संशयी स्वभाव म्हणतात.

चेकसम म्हणजे फाईलच्या आत जे काही आहे त्यावरून मशीननं काढलेला एक लांबलचक नंबर. फोटोतला एक ठिपका बदलला तरी नंबर बदलतो. फाईलचं नाव काहीही असो, नंबर आतल्या मालाचा. आबा संध्याकाळी मेंढरं मोजत नाहीत. कवाडाशी उभे राहतात आणि म्हणतात, काळ्या कानाची आली न्हाई. आकडा बरोबर असला तरी आपली एक बाहेर आणि दुसऱ्याची एक आत, असं होऊ शकतं. चेकसम हे आबांचं काम करतो.

शुक्रवारी दुपारी दोन्हीकडचे चेकसम निघाले. मी यादी नंबराप्रमाणे लावली आणि एका जागी हात थांबला. एकाखाली एक चोवीस ओळी, चोवीस वेगळी नावं आणि नंबर एकच.

पहिला संशय मी स्वतःवर घेतला. माझ्या कमांडनं एकच फाईल चोवीस ठिकाणी ओतली असेल, तर नव्यावरचे तेवीस फोटो मीच बिघडवले. जुन्या सर्व्हरची यादी उघडली. तिथंही त्याच चोवीस ओळी. म्हणजे माल मुळातच तसा आलेला.

तसे यादीत दोन-दोनचे जोड पुष्कळ होते. रानात रेंज गेली की ॲप फोटो दोनदा पाठवतं. पण चोवीस? मी त्या उघडल्या. प्रत्येकीत तीच मेंढी, तोच बिल्ला, मागं तेच बाभळीचं झाड. नावं मात्र चोवीस वेगवेगळ्या बिल्ल्यांची. सगळी एकाच कळपातली, बाळू तात्या नावाच्या मेंढपाळाची. आणि पाठवणारी एकच, सर्व्हेवाली सारिका.

सारिका मंद्रूपची. दीड वर्षापूर्वी लागली. तिचं काम कधी अपुरं नसायचं. इतरांचे दहा-वीस फोटो राहायचे, हिचे कागदावर जेवढी मेंढरं तेवढे फोटो. मी सरांना स्क्रीन दाखवली.

"तुला फायली हलवायला बसवलं तर तू पोलीस चौकी काढलीस," सर म्हणाले. मग चष्मा लावून जवळ आले. "कोण, सारिका? सगळ्यात चांगलं काम तिचंच आहे."

"म्हणूनच म्हणतो."

आमच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे ही. कळपात साठ मेंढ्या, कागदावर ऐंशी. नसलेल्या वीस पुढं सवडीनं 'मरतात'. सर्व्हेवाला सामील असला की झालं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कंपनीला सोमवारी सापडण्यापेक्षा आपणच देऊ. तू लेखी रिपोर्ट कर. तिला काढावी लागेल. पोलिसांत द्यायचं का ते कंपनी ठरवेल."

मी रिपोर्ट लिहिला. 'तेवीस फोटो बनावट आढळले' हे वाक्य मला आवडलंसुद्धा होतं. नऊ लाखांतून तेवीस पकडले होते, ते माउस फिरवणाऱ्याचं काम नव्हतं.

शनिवारी सारिकाला बोलावलं. मी काही विचारायच्या आत तिनं स्क्रीनवरची मेंढी बघितली.

"मीच टाकलेत," ती म्हणाली. "एकच फोटो, चोवीस बार."

मला वाटलं होतं नाकारेल, रडेल. ती सरळ उभी होती. त्यामुळं माझा संशय आणखी वाढला.

"का टाकलेस?"

"सांगून उपेग न्हाय, सर."

"नोकरी जाईल तुझी. कळतंय का?"

"कळतंय की. पण तुमी कॉम्प्युटरवाले. मी सांगणार, तुमी हसणार आन् मग काढणार. त्यापरीस तसंच काढा."

"मेंढ्या होत्या का तिथं चोवीस?"

"व्हत्या."

"मग फोटो का नाही काढलेस?"

तिनं सरांच्या केबिनकडं एकदा बघितलं. "बाईला शब्द दिलाय," म्हणाली आणि दाराकडं वळली. कोण बाई, कसला शब्द, काही नाही. ती गेल्यावर मी रिपोर्टात आणखी एक वाक्य घातलं, 'सर्व्हेअरने कृत्य मान्य केले आहे.'

संध्याकाळी आबांचा फोन आला. दर शनिवारी येतो. बोलता बोलता मी तो फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवला. सहज म्हणून नव्हे. हा फोटो दुसऱ्या कुठल्या कळपातून उचललेला आहे का, ते मला बघायचं होतं. आमच्या भागातली मेंढरं आबांना माणसांसारखी माहीत असतात.

"कुणाची हाय ते न्हाई म्हाईत," आबा म्हणाले. "पण ही म्होरकी हाय." म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी.

"कशावरनं?"

"मानंला बघ की. घंटा बांधून बांधून लोकर झिजलीया. तिच्या एकटीचाच फोटू का?"

"एकटीचाच. तेवीस मेंढ्यांच्या जागी तिलाच लावलंय, आबा. लबाडी आहे."

"कवा काढलाय?"

मी तारीख बघितली. "दिवाळीच्या पंधरा दिवस आधी."

आबा तिकडं हसले. "मग गाभण असत्याल की बाकीच्या. गाभणीचा फोटू कोण काढू देतंय? दिष्ट लागती. तुझी आय गाभण मेंढ्या पावण्याच्या नजरंला पडू देत नव्हती. तुलाच तर पोतं घिऊन आडवं उभं करायची. इसरलास व्हय, म्हादू?"

विसरलो होतो. सहावी-सातवीत असेन. पाहुणे आले की दोन्ही हातांनी पोतं ताणून मी कुंपणाशी उभा राहायचो आणि हात भरून यायचे. शहरात आल्यावर मी आबांचं नाव अभिमानानं सांगत होतो, पण ते पोतं कुठंतरी टाकून आलो होतो.

तरी संशय गेला नाही. कारण पटण्यासारखं आहे म्हणून ते खरंच असतं असं नाही. मी सारिकाला फोन लावला. "गाभण होत्या का?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"आमच्या घरी मेंढरं आहेत."

"आदी बोलायचं की, सर," ती म्हणाली. हे तिनं मला जरा रागावूनच सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो, ती तिच्या स्कूटीवर, मी माझ्या गाडीवर. बाळू तात्यांचा कळप मंद्रूपच्या पुढं एका शेतकऱ्याच्या रानात बसवलेला होता. ज्वारी निघाली की शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात. तात्या साठीचे, उन्हानं रापलेले. बायको हिराबाई चुलीवर चहा ठेवत होती. मला बघून तिनं पदर पुढं घेतला आणि सारिकाला म्हणाली, "सांगितलंस न्हवं का शेवटी? गाभणींचं कुणाला बोलणार न्हाई म्हणाली व्हतीस."

"म्या न्हाई, काकू. ह्यांच्या बापानं सांगितलं."

मी चहा नंतर घेतो म्हणालो. यादी काढली आणि तात्यांना एका बाजूला बसायला सांगितलं. नंबर मीच वाचणार, मेंढी मीच धरणार. शेजारच्या कळपातल्या चार मेंढ्या आणून उभ्या केल्या तर? बिल्ला कानातून आरपार गेलेला असतो, काढायला गेलं तर कान फाटतो. म्हणून प्रत्येक मेंढीचे दोन्ही कान बोटांनी चाचपून बघितले.

"साहेब मेंढी धरायला शिकल्यात कुटं?" तात्यांनी विचारलं.

"घरीच."

"मग एवडं कान कशाला पिळताय? बिल्ला खोटा न्हाय."

मी पुढचा कान धरला. एकेक नंबर मिळत गेला. बहुतेकींच्या मागं तीन-साडेतीन महिन्यांचं कोकरू होतं. बावीसपर्यंत आलो. तेविसावी नाही. दोनदा फिरून बघितलं, नाहीच.

एकदम बरं वाटलं, हे कबूल करतो. माझा रिपोर्ट खरा ठरत होता.

"तात्या, एक कमी आहे."

तात्या जमिनीकडं बघत होते. हिराबाईच बोलली. "मेली ती. व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी. कोकरू जगवलंय, ते बघा, शेळीला पितंय."

"कानातला बिल्ला?"

तिनं खोपीत जाऊन एका फडक्याची गाठ सोडली. बिल्ला आतच होता. मी नंबर ताडून बघितला. तेविसावा.

"मग कळवलं का नाही? विमा होता तिचा. फोटोसुद्धा सिस्टिममध्ये आहे."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, तसं बी.एस्सी.ला असताना एकाही सरांनी बघितलं नव्हतं.

"फोटू म्होरकीचा हाय," ते म्हणाले. "म्होरकी ती बघा, तितं हुबी. जित्या मेंढीच्या फोटूवर मेलेलीचं काय मागायचं?"

मी यादी घडी करून खिशात ठेवली. चहा घेतला. सारिकानं बावीस मेंढ्यांचे फोटो काढले, हिराबाई एकेक मेंढी धरून देत होती. आता व्यायल्या होत्या, आता तिची हरकत नव्हती.

संध्याकाळी मी रिपोर्ट पुसून नव्यानं लिहिला. चोवीस फायलींत एकाच मेंढीचा फोटो, चोविसातली एक तिची स्वतःची. बाकी तेवीस मेंढ्या त्या वेळी गाभण असल्यामुळं मालकानं फोटो काढू दिला नाही. सर्व्हेअरनं तसं कळवायला हवं होतं, ते न करता एकच फोटो लावला. बावीस मेंढ्या प्रत्यक्ष तपासल्या, नवे फोटो सोबत. एक मृत, बिल्ला ताब्यात, मालकानं दावा केलेला नाही.

सोमवारी सरांनी तो वाचला. "गाभण असल्यामुळं? हे कंपनीला लेखी द्यायचं? हसतील ते."

"हसू देत, सर. पण शेवटची ओळ वाचा."

त्यांनी वाचली. परत वाचली. मग सही केली.

कंपनीची माणसं हसली. शेवटच्या ओळीवर मात्र हसली नाहीत. सारिकाला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. तात्यांना त्या मेंढीचं काही मिळालं नाही, कारण तिचा फोटो नव्हता. हा निर्णय चुकीचा आहे असं मला वाटतं आणि मी तसं बोललो, पण उपयोग झाला नाही. ॲपमध्ये एक नवं बटण आलं, 'गाभण, फोटो नंतर'. पहिल्या महिन्यातच ते इतक्या वेळा दाबलं गेलं की बाकीचे इतके दिवस काय करत होते, अशी मला शंका आली. ती मी तपासली नाही.

मंगळवारी मी जुना सर्व्हर रिकामा केला. त्याआधी नव्यावरचे ते तेवीस फोटो काढून टाकले. चोविसावा ठेवला, तो म्होरकीचाच होता.

दोन फायली सारख्या आहेत का, हे चेकसम बिनचूक सांगतो. त्या सारख्या का आहेत, हे विचारायला गाडी काढून मंद्रूपला जावं लागतं. आता माझ्या कामाच्या क्रमात कॉपी, मोजणी, चेकसम याच्यानंतर आणि डिलीटच्या आधी एक पायरी वाढली आहे. आबांना फोन.