नाक धरा, अक्का

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातला आमचा कल्हईवाला गिऱ्हाइकाकडे कधी बघत नसे. पातेलं बघूनच घर ओळखायचा. नवसागर टाकण्याआधी मात्र दर वेळी बजवायचा, "नाक धरा, अक्का." मग पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि पितळ आतून चांदीसारखं होई.

यंदा दसऱ्याआधी गेले, तर अख्ख्या रस्त्याला हेरिटेजचा पिवळा रंग फासलेला. आमचा कल्हईवाला जरीचा फेटा बांधून, मान वर करून टूरिस्टांच्या मोबाइलकडे बघत होता. त्याने माझं पातेलं घेतलं, भाता चालवला. निखारे लालबुंद दिसत होते.

"नाक धरा, अक्का."

मी धरलं. धूर आलाच नाही. त्याने हात सरळ निखाऱ्यांत घातला आणि मी किंचाळले.

राखेखाली लाल बल्ब होता. बल्ब नीट बसवत तो कुजबुजला, "टूरिस्टांना धूर बेडा, नको म्हणतात. भांडं ठेवून जा, हूटगळ्ळीला घरी करून आणतो."

टाळ्या पडल्या. पुण्याच्या एक बाई कौतुकाने जवळ आल्या.

"किती खरं किंचाळलात हो! पुढचा शो किती वाजता?"