माझी कर्जमाफी आणि हरसूलचे गुरुजी

२०२२ साल. मला त्रेसष्ट पुरी झाली होती आणि उभ्या आयुष्यात मी कुणाचं फुकट खाल्लं नव्हतं. हे मी सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी.

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत मी एकतीस वर्षं लेथ चालवली. शिक्षण चौथी. पण मापात माझ्या हातून कधी फरक पडला नाही. शिकलेले सुपरवायझर ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे यायचे. त्या जोरावर एका सहकारी बँकेचं कर्ज काढलं आणि पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. हप्ते सरळ चालले होते. मग लॉकडाऊन लागला, मालकानं कंपनी बंद केली आणि माझा हप्ता थांबला. कंपनीकडून हिशेबाचे पैसे मिळायला दोन वर्षं गेली. तोवर व्याज आणि वर दंड चढून आकडा असा झाला, की बायको तो मोठ्यानं म्हणायची नाही.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवली पाहिजे. बँकेनं माझ्या दारात वसुलीची दांडगी माणसं पाठवली नाहीत. दुसऱ्यांच्या दारात आलेली मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो. वसुलीच्या टेबलावर एक मॅडम होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, कंपनीचे पैसे आलेत ना? तेवढे भरा, मुद्दल फिटतं. व्याज आणि दंड बँक सोडून देईल. तसा एक अर्ज करा, बाकी मी बघते."

"म्हणजे माफी?"

"सवलत म्हणा."

"नाव काही द्या. माफीच ती."

मी त्यांना सांगितलं, कंपनीचे पैसे म्हातारपणासाठी मुदतठेवीत राहतील आणि मी महिन्याला तीन हजार भरीन, शेवटच्या पैशापर्यंत. त्यांनी कॅल्क्युलेटर दाबला. "तीन हजारात नुसतं व्याजही निघत नाही, काका. जन्मभर भरत बसाल."

"आमचे आजोबा पंच्याण्णव जगले," मी म्हटलं. त्या हसल्या. मला वाटलं, जिंकलो.

माझं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. आमच्या कंपनीच्या गेटवर एक चहावाला होता. रोज संध्याकाळी बँकेसाठी रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला यायचा, त्याच्याकडे तो शंभराची नोट द्यायचा. असल्या लोकांच्या पैशातूनच मला घर मिळालं. मग माझं सोडलेलं व्याज कुणाच्या खिशातून जाणार? हे मी मॅडमना विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "चहावाल्याचे पैसे सुखरूप आहेत. बुडीत खात्यांसाठी बँक दर वर्षी नफ्यातून बाजूला काढून ठेवते. तुमचं खातं असं लोंबकळत राहिलं, तर उलट पैसा अडकतो." मला पटलं होतं. पण पटलं असं म्हटलं नाही. उठलो. त्या मागून म्हणाल्या, "नाही म्हणायच्या आधी तुमच्या जामीनदारांना तरी एकदा विचारा."

जामीनदार म्हणजे हरसूलचे गुरुजी. ते डी.एड. करत होते तेव्हा अंबड गावात आमच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. घर लांब डोंगरात, खिशात काही नाही. बायकोनं दोन वर्षं त्यांचं ताट आमच्याबरोबर मांडलं. पुढे ते हरसूलकडच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. मी कर्ज काढलं तेव्हा पगारदार माणसाची सही हवी होती. मी कागद पुढे केला, त्यांनी न वाचता सही केली. नंतर मी त्या सहीचा विचारही केला नाही. माझ्या लेखी ती ओळख होती; लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून नाव छापतात, तशी.

तर रविवारी हरसूलची एसटी धरली. विचारायला नव्हे, सांगायला. मी माफी धुडकावली हे ऐकून गुरुजी पाठ थोपटतील याबद्दल मला शंका नव्हती.

ते तिथं अजून भाड्याच्याच दोन खोल्यांत राहत होते. दारात खोकी बांधून ठेवलेली. मी म्हटलं, "बदली झाली की काय?"

"नाही. मालकाच्या मुलाचं लग्न आहे, खोल्या रिकाम्या मागतोय," गुरुजी म्हणाले आणि वहिनी कशा आहेत ते विचारू लागले.

त्यांच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. जेवता जेवता मी सगळा किस्सा सांगितला. "मॅडमना म्हटलं, माफी भिकाऱ्याला द्या, मला पावती द्या."

"बरं केलंत, दादा," गुरुजी ताटाकडे बघत म्हणाले.

त्यांची बायको तव्यापाशी होती. ती वळली. "भाऊजी, तुम्ही लय मानी. आमाला ठाव हाय. पण त्या मानाचं भाडं आम्ही भरतो, हे कुणी सांगितलं का तुमाला?"

"तू वाढ," गुरुजी म्हणाले.

"वाढतेच हाय. दोन वर्सं गप वाढतेच हाय."

तिनं खुंटीवरची प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत बँकेची पत्रं, शाळेच्या पत्त्यावर आलेली. मी सावकाश वाचतो. कर्जदार म्हणून माझं नाव, जामीनदार म्हणून त्यांचं, आणि खाली लिहिलेलं, की रक्कम न भरल्यास ती आपणाकडून वसूल केली जाईल. अशी कितीतरी.

मग तिनंच सांगितलं. शाळेच्या मागं एक घर विकायला होतं. दोघांनी पसंत केलं, गुरुजींनी कर्ज मागितलं. त्या बँकेनं कागद तपासले आणि म्हटलं, तुम्ही नाशिकच्या थकलेल्या कर्जाला जामीन आहात, आधी ते मिटवा. घरवाला अजून महिनाभर थांबणार होता. मग दुसरं गिऱ्हाईक बघणार.

मला राग आला, तो गुरुजींचाच. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही फ्लॅट विकायला काढला असता. मी ओळखतो तुम्हाला. वहिनी कुठं गेल्या असत्या?"

"म्हणून तुम्ही—"

"दोन वर्षं जेवलोय, दादा. त्याचं व्याज लावून बघा बरं."

"जेवले हे," त्यांची बायको म्हणाली, "अन् भांडी घासायला मी."

तिघंही हसलो. मी पत्रं परत पिशवीत भरली. एवढी वर्षं मी समजत होतो, की माझं कर्ज आणि माझा मान या माझ्या घरच्या गोष्टी आहेत.

लोक मला आता विचारतात, घराचं कर्ज थकलेल्याला बँकेनं सोडावं का? ज्याच्याकडे आहे आणि देत नाही, त्याला मुळीच सोडू नये. मी अजूनही तेच म्हणतो. पण काम गेलेला माणूस समोर बसला असेल, तर त्याच्याकडे नीट बघून काय सुटतं ते सोडावं. आणि त्यानंही माझ्यासारखा ताठा करू नये, कारण त्याच्यामागे कुणीतरी सही करून उभं असतं. गुरुजींचे उपकार आहेतच, ते मी फेडणार नाही, फिटणारेही नाहीत. पण त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोचे जास्त. ती त्या दिवशी गप्प राहिली असती, तर मी पाठ थोपटून घेऊन परत आलो असतो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, अर्ज लिहा. पण तुमच्या डोक्यात अजून लेथच फिरतेय." मग ती गुरुजींसाठी रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. मॅडम आल्या, मी अर्ज मागितला. त्यात एक रकाना होता, सवलत मागण्याचं कारण. "ते मी लिहिते, तुम्ही सही करा," त्या म्हणाल्या. मी पेन घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, 'माझी भरायची ऐपत नाही.' मुदतठेवीची पावती टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "गुरुजी मोकळे झाल्याचा कागद आधी काढा. माझा केव्हाही द्या."

"आठ दिवस लागतात, काका. वरून मंजुरी यावी लागते."

"मग मी इथंच बसतो."

"आठ दिवस?"

"एकतीस वर्षं उभं राहून काम केलंय. बसायला काय लागतं?"

त्यांनी शिपायाला माझ्यासाठी चहा सांगितला, फाइल उचलली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी बसून राहिलो.