ईश्वर मिस्तरीची वीत

लिही. ईश्वर मिस्तरीचं लिही, पण एकट्याचं नको, त्याच्या लेकीचं, संध्याचंही. आपल्या ब्राह्मणपुरीत निम्म्या घरांच्या चौकटी, खाटा, पाळणे त्याच्याच हातचे. अन् त्या माणसानं जन्मात टेप वापरला नाही. उजवा पंजा ताणायचा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक वीत, ती लाकडावर मांडत जायची, वर दोन-तीन बोटं, झालं माप. कोणत्या खाटेला किती विती, सगळं डोक्यात. कागदावर रेघ नाही.

मग त्याला लकवा मारला. जीव वाचला, बोलणंही आलं, जरा बोबडं. पण उजवा हात मिटला तो मिटलाच. अन् डाव्या हाताची करंगळी न् तिच्याशेजारचं बोट लाकूड चिरायच्या आरामशीननं कधीच नेलेलं. म्हणजे बघ, आकडे सगळे डोक्यात, न् वीत कुठंच नाही.

त्यात शहाद्याच्या उमेदमल शेठचा झोपाळा अंगावर घेतलेला. त्यांच्या आईला, रूपकंवरबाईला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात झोपाळा पाहिजे होता. बसायची फळी शेठनं जुन्या घरातली दिली होती, तिच्या मापानं सागाचे खांब न् वरचा दांडा करायचा. लकव्याचं कळलं तसे शेठ आले. म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही आराम करा. लाकूड मी सुरतेला धाडतो."

संध्या मधीच बोलली, "आखाजीपर्यंत थांबा शेठजी. आबा सांगतील, मी करीन."

शेठ हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. म्हणाले, "आखाजीच्या आदल्या दिवशी गाडी आणतो. झोपाळा झाला तर झोपाळा नेईन, नाहीतर लाकूड."

लाकूड गेलं असतं तर त्या घरात करवत पुन्हा कोणी हातात धरली नसती. हे बापाला कळत होतं, लेकीलाही.

तर बाप खाटेवर पडून आकडे सांगे, न् पोरगी खाली बसून वीत मांडे. लहानपणापासून रंधा ओढायला हाताशी होती, हात सफाईचा. चार दिवसांत दोन खांब न् दांडा तयार. उभं करून पाहिलं, तर फळी खांबांमधी शिरेचना.

बाप म्हणे, "हाई बाहुलीसाठे करं का वं?"

"तुम्हीच तर सांगं ना आबा, सात वीत."

"मी मन्ही वीत सांगी. तुन्ही नही."

मग ती टेप घेऊन बसली. फळी टेपानं मोजता आली, पण खांबांची उंची, फळीच्या बाजूची जागा, खाचा, सगळे आकडे बापाच्या वितीत. म्हणे, शाळेत शिकवलंय, एक वीत म्हणजे नऊ इंच.

"मन्हा हात शाळामा गया व्हता का?" बाप म्हणाला, न् भिंतीकडे तोंड करून पडला.

लाकूड आता एकाच खेपेचं उरलं होतं. संध्यानं कोमट तेल लावून त्याची बोटं उकलून पाहिली. तो कण्हला, पण एक बोट हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडे ताक न्यायला आली. तोंड उतरलेलं. मी आत ताक ओतत होते, बाहेर आले तर पोरगी दारापाशी भिंतीकडे बघत उभी.

"काय पाही ऱ्हायनी वं?"

"मोठी माय, हा थापा कोणाचा?"

आपली चौकट बसली तेव्हा आम्ही बायांनी गेरूचे थापे दिले होते. मीच मिस्तरीला म्हटलं होतं, चौकट तुमची, तुम्हीबी द्या. त्यानं सवयीनं पंजा वीत मांडल्यासारखा ताणून दाबला होता. "तुझ्या बापाचाच," मी म्हटलं.

तिनं खराट्यातली काडी ओढली, थाप्याच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत धरली, न् तिथं मोडली. अठरा वर्सं मी त्या भिंतीला पोतारा दिला, थाप्याला वळसा घालून, न् त्या माणसाचा उघडा हात माझ्या दारी राहिलाय हे मला कधी सुचलं नाही.

ताक तिथंच राहिलं. मीही मागं गेले. तिनं काडी बापापुढं धरली. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"मन्ही शे," त्यानं आपली वीत ओळखली, न् उठून बसला.

तेव्हापासून बाप आकडा सांगे, पोर काडी मांडे. आखाजीच्या आदल्या दिवशी शेठ आईला घेऊनच आले. फळी खांबांमधी टांगलेली, दोन्हीकडे सारखी जागा. रूपकंवरबाई बसल्या, पायानं जमिनीला रेटा दिला. खांब कुरकुरलेसुद्धा नाहीत. मी झोपाळ्याकडे बघतच नव्हते, मी काडीकडे बघत होते.

पण खरं नवल पुढं झालं. महिन्यानं शेजारच्या जमनाबाईनं खाट सांगितली. संध्यानं काडी घेतली, तसा मिस्तरी म्हणाला, "ती ठेव. तुन्हा हात मांड."

"मन्हा हात धाकला शे, आबा."

"ते मी पाही लिसू."

अन् तो मोजायला बसला. त्याच्या आठ विती म्हणजे हिच्या दहा न् एक बोट. त्याच्या पाच म्हणजे हिच्या सहा न् तीन बोटं. चाळीस वर्सांचे आकडे, खाटेचे, पाळण्याचे, चौकटीचे. रोज सकाळी मी जाते तर तो ओट्यावर बसलेला असतो, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांवर मोजत, लेकीच्या वितीनं सगळं पुन्हा पाठ करत. चुकला की संध्या आतून ओरडते, "सातच्या पावणेनऊ, आबा," न् तो पहिल्यापासून सुरू करतो.