चारशे चार क्रमांकाच्या दारावरची रेघ

दत्तोबांविरुद्धचा माझा तक्रार अर्ज तीन पानांचा होता आणि त्यातला पहिला मुद्दा त्यांच्या वहीविषयीचा होता. वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत ते सुरक्षा पर्यवेक्षक आहेत. रोज दुपारी ते जिन्याने अकरा मजले चढत, प्रत्येक दारासमोर क्षणभर थांबत, शर्टाच्या खिशातून तळहाताएवढी वही काढत आणि काहीतरी टिपून पुढे जात. दार बंद असे, आत डोकावण्याचा प्रश्नच नव्हता. मग बंद दारासमोर उभे राहून लिहिण्यासारखे असते तरी काय? ‘सदनिकाधारकांच्या खासगीपणाचा भंग’ असे मी अर्जात लिहिले. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ते जाणून घ्यायचे होते, आणि विचारणे मला कमीपणाचे वाटत होते.

तक्रार करणे हा माझा छंद नाही. परिस्थितीने लावलेली ती शिस्त आहे. बावीस वर्षे मी इथल्याच एका महाविद्यालयात शिकवतो. प्राचार्यपदाने दोनदा मला वळसा घातला. सहा वर्षांपूर्वी ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा सक्तीचा विषय आला, तो कोणालाच नको होता, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. पन्नास गुण, प्रात्यक्षिक नाही. माझे विद्यार्थी आपत्तीचे टप्पे क्रमाने म्हणून दाखवतात. त्यांच्या वर्गातून बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कोठे आहे, हे प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. विचारले असते तर आधी मला शोधावा लागला असता.

दत्तोबांचे शिक्षण नववीपर्यंत. घराणे इथलेच, आमच्या महाविद्यालयाचे वाहनतळ ज्या जागेवर आहे तिथे त्यांच्या वडिलांची विहीर होती. पंचवीस वर्षे ते होमगार्डमध्ये होते, नंतर नगर रस्त्यावरच्या एका गोदामात पहारेकरी. गेल्या वर्षी मे महिन्यात देशभर सायरन वाजवून नागरी संरक्षणाचे सराव झाले, तेव्हा आमच्या समितीलाही स्फुरण चढले. सचिव सलिल खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणाला, “सर, आपल्याकडे ऑलरेडी ट्रेन्ड माणूस आहे. ट्रेनिंगचं काम दत्तोबांनाच देऊ ना. झीरो कॉस्ट!”

झीरो कॉस्ट माणसाने पहिल्याच दिवशी जिन्यातली चपलांची कपाटे हलवायला सांगितली. माझे कपाट सागवानी होते. अर्जातला दुसरा मुद्दा तो.

मग त्यांनी खडूचा नियम आणला. प्रत्येक घराला एक पांढरा खडू. सायरन वाजला की घरातल्या सगळ्यांनी बाहेर पडायचे, दार ओढून घ्यायचे आणि दारावर एक आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे घर रिकामे. शोधणाऱ्याने तिथे वेळ घालवायचा नाही. परत आल्यावर रेघ पुसायची.

“एवढा पोरखेळ कशाला?” मी त्या पहिल्या बैठकीत विचारले. “फाटकावर नोंदवही आहे. कोण आत, कोण बाहेर, ते तिच्यात दिसते.”

“सर, गोदामातबी नोंदवही हुती,” दत्तोबा म्हणाले. “आग लागली तवा मीच वही हातात घेऊन हुबा. एकतीस माणसं, एकतीस सह्या. बंबवाल्यांना मीच सांगितलं, आत कुणी न्हाई. एक जण सही करून डबा आणायला माघारी गेल्ता. सही बाहेर, माणूस आत.”

“मग?”

“मग काय, सर.” त्यांनी खडूंचा खोका पुढच्या माणसाकडे सरकवला.

त्या उत्तरानंतर माझे त्यांच्यावरचे लक्ष वाढले. ते मी अर्जासाठी पुरावा म्हणून ठेवत होतो. निदान स्वतःला तसेच सांगत होतो. हा माणूस उद्वाहनाने कधीच का चढत नाही? दारासमोर थांबल्यावर त्याची नजर घंटेकडे किंवा नावाच्या पाटीकडे न जाता खाली का जाते? माझ्या आईशी, श्यामलाबाईंशी, तो दाराआडून पाच-पाच मिनिटे काय बोलतो? आई एकोणऐंशी वर्षांची. कानातले यंत्र तिला टोचते म्हणून ती ते डबीत ठेवते आणि जग आपल्याशी हळू बोलते असा आरोप करते.

सरावाचा रविवार आला. अकराला सायरन वाजला. आईचे गुडघे दुखत होते, आणि चार मजले उतरून एका पहारेकऱ्यापुढे रांगेत उभे राहायची माझी तयारी नव्हती. मी दार उघडले, रेघ मारली, दार लावले आणि आत वर्तमानपत्र वाचत बसलो. रेघ पाहून कोणी घंटा वाजवणार नाही, ही त्या नियमाची सोय सगळ्यात आधी माझ्याच लक्षात आली असेल, असे मला वाटत होते. तसे नव्हते. सगळे मजले फिरून आलेल्या दत्तोबांनी खाली मोजले तेव्हा चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस दारांवर रेघा होत्या आणि माणसे मात्र त्रेपन्न.

“एवढी बारीक घरं हायत व्हय आपली?” ते सलिलला म्हणाले. बाकी कोणाचे नाव त्यांनी घेतले नाही.

मी त्याच संध्याकाळी अर्ज दिला. सराव निष्फळ, पद्धत अशास्त्रीय, सबब दत्तोबांना प्रशिक्षणाच्या कामातून आणि पर्यवेक्षकपदावरूनही मुक्त करावे. पुढच्या रविवारी सभेत निर्णय व्हायचा होता आणि सहा जणांच्या सह्या माझ्या बाजूने होत्या. दत्तोबांना हे कळले होते. सोमवारीही ते जिना चढले, आमच्या दारासमोर थांबले, वहीत लिहून पुढे गेले.

आणि रेघ? ती पुसायची राहिली. नियम असा होता की परत आल्यावर पुसावी. मी कोठे गेलोच नव्हतो, मग परत कसा येणार?

बुधवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत वायरी जळाल्या. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण काळा धूर जिन्याच्या पोकळीतून वर चढू लागला. मी वर्गात होतो; फळ्यावर ‘पूर्वतयारी’ असे लिहिलेले होते. फोन सलिलचा आला.

मी पोचलो तेव्हा वीज तोडलेली होती, बंब आलेला होता आणि आई वाहनतळात प्लास्टिकच्या खुर्चीवर अनवाणी बसून खोकत होती. तोंडाला ओला पंचा.

“अरे, हे दत्तोबा!” मला पाहताच ती ओरडली. तिला ऐकू येत नसले की ती ओरडूनच बोलते. “मी मटार सोलत बसलेय आणि हे जिन्यातून माझ्या खिडकीवर खडूचे तुकडे मारतायत! मला वाटलं कबुतरं. हाकलायला उठले तर हे हातवारे करतायत. चांगलं खडसावायला म्हणून दार उघडलं, तर दारात धूरच धूर!”

“आजी शिव्या लई चांगल्या देतात,” दत्तोबा म्हणाले. चेहरा काळवंडलेला होता आणि त्यावर विजयाचे काहीच नव्हते.

दोन दिवस आई रुग्णालयात होती. धूर छातीत गेला होता. डॉक्टरांनी मला विचारले की धुरात त्या इतका वेळ का राहिल्या. उत्तर मला ठाऊक होते. ते मी दिले नाही.

शुक्रवारी सलिल उत्साहात होता. “सर, तुमचा तो अर्ज आता ड्रॉप करू या. संडेला दत्तोबांचा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो. तुमच्या हस्ते!”

मी दत्तोबांना शोधत फाटकापाशी गेलो. ते नव्या खडूंची पाकिटे बांधत होते. मी म्हणालो, “दत्तोबा, मी अर्ज मागे घेतोय.”

“नगा घेऊ,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“बसा, सर. तुमचं लिखाण चांगलं हाय, सलिलसायबांनी वाचून दावलं मला. सत्कार नगं. माझ्यावर एक नीट अर्ज लिहून द्या. मी चौथ्या मजल्यावर आलो, रेघ बघितली आन् वर गेलो. सातव्यापस्तोर गेलो. खाली येताना आजींच्या चपला दिसल्या दाराम्होरं. निळ्या पट्ट्याच्या. तवा उमगलं. त्यात जो वेळ गेला त्यो लिवा.”

“चूक तुमची नाही. ती रेघ...” मी म्हणालो.

त्यांनी खिशातली वही काढून माझ्यासमोर धरली. इतके दिवस जिच्यासाठी मी तर्क लढवले ती वही. प्रत्येक घराला एक पान होते. ‘२०१. लाल सँडल, पोरीचे. शाळेत जाताना नसतात.’ ‘३०३. म्हातारबाबा, तपकिरी, डावी टाच झिजलेली.’ आमच्या पानावर होते: ‘४०४. आजी. निळ्या पट्ट्या. एकच जोड. कमी ऐकू येतं. सकाळी सैपाकघराच्या खिडकीत. खिडकी जिन्यातून दिसते.’ दाराबाहेरच्या चपलांवरून घरात कोण आहे ते सांगणारी आमच्या चव्वेचाळीस घरांची ती नोंद होती. रोज दुपारी ताजी केलेली. सह्यांवरचा विश्वास उडालेल्या माणसाने ती केली होती.

खाली आणखी एक ओळ होती. ‘सर. काळे बूट, पॉलिश. रविवार, सरावाच्या टायमाला दाराबाहेर. रेघ हाय.’

मी ती ओळ दोनदा वाचली. “तुम्हाला रविवारीच ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग सभेत, चारचौघांत, निदान मला एकट्याला तरी... का बोलला नाहीत?”

दत्तोबांनी दोरीची गाठ दातांनी ओढली. “सर, तुम्ही हाच इषय शिकवता. शिकवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? म्हटलं, ऱ्हाऊ द्या, मान ठेवावा. तिथंच चुकलो. सोमवारी तुमच्या दारावर रेघ तशीच हुती, तीबी बघितली. पुसली न्हाई. तुमच्या दाराला हात कसा लावायचा, आधीच अर्ज चालू हाय. बुधवारी धुराच्या गडबडीत तीच खरी धरली. म्हणून म्हणतो, माझ्यावर लिवा. न्हाईतर पुढच्या टायमाला बी मी कुणाचा तरी मान ठेवीन.”

त्या माणसाला पदावरून काढण्यासाठी मी तीन पाने खर्ची घातली होती. ज्या एका मुद्द्यावर त्याला दोष देता आला असता तो माझ्या अर्जात नव्हता, कारण त्याची सुरुवात माझ्या दारापासून होत होती.

रविवारी सभेत शाल तशीच घडीत राहिली. मी नवा अर्ज वाचला. एका पानाचा. आजवर लिहिलेल्या अर्जांपैकी तो सर्वांत आखूड आहे आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘चारशे चार क्रमांकाच्या सदनिकाधारकाने सरावाच्या दिवशी घरात राहून दारावर खोटी रेघ ओढली व नंतर ती पुसली नाही. पर्यवेक्षकांना हे ठाऊक असूनही त्यांनी सदनिकाधारकाचा मान राखण्यासाठी मौन बाळगले. या दोन्ही कारणांमुळे एक वृद्ध स्त्री सहा मिनिटे धुरात राहिली.’

रेघ मारून घरात बसलेली आणखी बरीच घरे समोर बसली होती आणि प्रत्येकाची नजर जमिनीवर होती. आई पहिल्या रांगेत होती. कानात यंत्र होते. शब्द न् शब्द तिने ऐकला होता आणि माझ्याकडे ती मुळीच पाहत नव्हती.

मागून दत्तोबा उठले.

“सर, साडेसात,” ते म्हणाले. “सहा न्हाई. मी घड्याळ बघितलं हुतं. तेवढं दुरुस्त करा.”

मी पेन काढले आणि दुरुस्त केले.